बंदरातले आठ तास आणि रक्तातला नायट्रोजन

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर सकाळी क्रूझ जहाज लागले, की त्यातून उतरणाऱ्या स्कूबा डायव्हरचा दिवस ठरलेला असतो. धक्क्यावरून किंवा जवळच्या जेटीवरून डाइव्ह-शॉपची होडी धरायची, पालांकारसारख्या प्रवाळभिंतीवर पहिली, वीस-पंचवीस मीटरची बुडी मारायची, होडीवर तासभर बसून चार फळाच्या फोडी खायच्या, पंधरा-अठरा मीटरवर दुसरी बुडी मारायची आणि दुपारी जहाजावर परतायचे. कॅरिबियन समुद्रातल्या कितीतरी बेटांवर थोड्याफार फरकाने हाच क्रम चालतो. त्यामुळे तो निसर्गाने किंवा शरीरशास्त्राने घालून दिला असावा, असे वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. हे वेळापत्रक म्हणजे शंभर वर्षांतल्या एका तडजोडीचा इतिहास आहे. एका बाजूला शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला लागणारा वेळ, दुसऱ्या बाजूला जहाज बंदरात थांबण्याचा वेळ. पहिला कोणाच्या सोयीने बदलत नाही. पण त्याच्याबद्दल कोणते प्रश्न विचारायचे, हे मात्र दुसऱ्याने वेळोवेळी ठरवले. माणसाच्या शरीरापुरती ही तडजोड बऱ्यापैकी प्रामाणिकपणे झाली, कारण तिथे कोणीतरी पुरावा मागितला. प्रवाळाच्या वाट्याला असा पुरावा मागणारा फार उशिरा आला.

सुरुवात शरीरापासून करू. दाबाखालची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात, हे पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1878 साली मांडले. त्याआधीच पुलांच्या पायासाठी नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेच्या पेट्यांत काम करणारे मजूर वर आल्यावर सांधेदुखीने वाकत होते, काही लुळे पडत होते, काही मरत होते. यावर वापरता येईल असा हिशेब दिला तो जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी, आर्थर बॉयकॉट आणि गायबन डॅमंट यांच्याबरोबर, त्यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि 1908 साली निष्कर्ष छापले. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत-सोडत नाहीत. म्हणून त्यांनी हिशेबापुरते पाच काल्पनिक कप्पे धरले आणि प्रत्येकाचा अर्धा भरण्याचा वेळ 5, 10, 20, 40 आणि 75 मिनिटे असा मांडला. आजच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधले गणितही याच घराण्यातले आहे. मात्र हाल्डेन यांच्यासमोर जो माणूस होता, तो तांब्याचे शिरस्त्राण घातलेला खलाशी होता. तो एकदा खाली जाई, काम उरकी आणि टप्प्याटप्प्याने वर येई. तासाभराने त्याला पुन्हा मौजेखातर खाली जायचे आहे, ही कल्पनाच त्या तक्त्यांत नव्हती.

तो प्रश्न आणला स्कूबाने. 1943 साली जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केले, आणि पाठीवर हवा घेतलेला माणूस दिवसातून अनेकदा खाली-वर करू लागला. मग पहिल्या बुडीचा शरीरात उरलेला नायट्रोजन दुसऱ्या बुडीच्या खाती कसा मांडायचा? अमेरिकी नौदलाने 1957 च्या तक्त्यांत त्याचे उत्तर दिले. पृष्ठभागावर घालवलेल्या वेळाची सूट मोजण्यासाठी त्यांनी सर्वांत मंद, 120 मिनिटांचा कप्पा धरला. बारा तास, म्हणजे अशा सहा आवर्तनांनंतर, माणूस हिशेबापुरता कोरा धरला जाई. त्याच 1957 साली ग्रँड केमन बेटावर बॉब सोटो यांनी डायव्हिंगचा व्यवसाय सुरू केला. कॅरिबियनमधल्या आद्य डाइव्ह-शॉपमध्ये त्याची गणना होते. पुढची तीसेक वर्षे हौशी डायव्हर नौदलाचेच तक्ते वापरत राहिले. म्हणजे तरुण, कसलेले, जहाजावर दाबकोठी तयार असलेले नौसैनिक डोळ्यांसमोर ठेवून केलेला हिशेब पन्नाशीतले सुटीकर बिनदिक्कत आपल्याला लावत होते.

जहाजाचा वेळ ठरला तो अगदी वेगळ्या कारणांनी, आणि त्यांत प्रवाळाचा संबंध कुठेच नव्हता. 1958 नंतर जेट विमानांनी अटलांटिक ओलांडणारे प्रवासी पळवले आणि जहाजांना नवा धंदा शोधावा लागला. 1966 साली ‘सनवर्ड’ मायामीहून बहामाच्या फेऱ्या करू लागले. 1970 मध्ये खास कॅरिबियन सहलींसाठी बांधलेले ‘साँग ऑफ नॉर्वे’ आले. 1972 मध्ये कार्निव्हल कंपनी उतरली. ही बहुतेक जहाजे परदेशी निशाणाखाली चालत, आणि 1886 च्या अमेरिकी कायद्याने अशा जहाजांना एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्यात प्रवासी नेण्याची मनाई होती. त्यामुळे मायामीहून निघून मायामीलाच परतायचे असले, तरी वाटेत एखादे परदेशी बंदर घेणे भाग होते. नासाऊ, कोझुमेल, ग्रँड केमन ही नावे सहलीच्या पत्रकांत वारंवार दिसतात, यामागे निळ्या पाण्याइतकेच हे कायद्याचे कलम आणि आठवडाभरात कापता येणारे अंतर आहे. बंदरात किती थांबायचे, हेही पैशाने ठरले. जहाज धक्क्याला असताना त्यावरचा जुगार आणि करमुक्त दुकाने सहसा बंद असतात, बंदराचे शुल्क चढत असते, आणि रात्रीत पुढचे बेट गाठायचे असते. म्हणून सकाळी सात-आठला लागणे आणि दुपारी चार-पाचला सुटणे हा शिरस्ता पडला. त्यात उतरण्या-चढण्याचा वेळ वजा केला, की डायव्हरच्या हाती पाच-सहा तास राहतात. त्यातही घड्याळाची मेख असते. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्याने 1 फेब्रुवारी 2015 पासून आपली प्रमाणवेळ बदलली, तर जहाजे अनेकदा स्वतःची ‘जहाजवेळ’च चालवतात. होडी बेटाच्या वेळेने सुटते आणि जहाज आपल्या वेळेने, हे न पाहिल्यामुळे एका तासाने आखणी कोलमडू शकते.

दोन्ही वेळा समोरासमोर आल्या त्या 1988 साली. हौशी डायव्हिंगचे शिक्षण देणाऱ्या पॅडी संस्थेने त्या वर्षी आपला वेगळा तक्ता आणला. रेमंड रॉजर्स यांनी मांडलेल्या या तक्त्यात पृष्ठभागावरच्या विश्रांतीचा हिशेब 120 ऐवजी 60 मिनिटांच्या कप्प्यावर बेतला होता. याचा अर्थ एका तासाच्या विश्रांतीत पाहावा. 120 मिनिटांच्या कप्प्यात तासाभरानंतर जादा नायट्रोजनपैकी सुमारे 71 टक्के शिल्लक राहतो. 60 मिनिटांच्या कप्प्यात 50 टक्के. हाच फरक दुसऱ्या बुडीत मिळणाऱ्या मिनिटांत उतरतो. कोरे होण्याचा काळही बारा तासांवरून सहा तासांवर आला. सकाळी दोन बुड्या आणि दुपारी जहाज, हे वेळापत्रक यामुळे कागदावर ऐसपैस बसू लागले. इथे हरकत घेतली जाईल की हा धंद्याने विज्ञान वाकवल्याचा कांगावा आहे. हरकत निम्मी खरी आहे. तक्ता वाकवलेला नव्हता. पहिल्या बुडीची मर्यादा नौदलापेक्षा कमी केली होती. 80 फुटांवर नौदल 40 मिनिटे देई, नवा तक्ता 30 देतो. सिअ‍ॅटलमध्ये स्त्री-पुरुष स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या, आणि रक्तातले बुडबुडे डॉपलर यंत्राने ऐकून तपासले गेले. विनाथांबा वर येणाऱ्या उथळ बुडीत नौदलाचा मंद कप्पा लागू करण्याची गरज नाही, हे त्यातून दिसले. पण माझा मुद्दा प्रश्नाचा आहे. ‘दोन बुड्यांमध्ये किती कमी वेळ पुरेल?’ हे विचारावेसे वाटले, कारण विचारणारा सुटीवर होता. विज्ञानाने उत्तर प्रामाणिक दिले; प्रश्न मात्र सहलीच्या दिवसाने पाठवला होता. ‘खोल बुडी आधी, उथळ नंतर’ या दंडकाचेही तसेच. तक्त्यात आकडे भरताना तो क्रम जास्त मिनिटे देतो, म्हणून तो रुळला आणि पुढे सुरक्षेचा नियम म्हणून शिकवला गेला. 1999 मध्ये स्मिथसोनियन संस्थेने भरवलेल्या कार्यशाळेत तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा 40 मीटरच्या आतल्या विनाथांबा बुड्यांत, दोन खोलींमधला फरक 12 मीटरपेक्षा कमी असेल तर, उलटा क्रम निषिद्ध ठरवण्यास आधार सापडला नाही.

धंद्याचा दबाव उघडपणे दिसला तो विमानाच्या बाबतीत. बुडीनंतर लगेच उड्डाण केले, तर केबिनमधला कमी दाब पुन्हा बुडबुडे करू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने 1990 च्या सुमारास सुचवले की सरसकट 24 तास थांबावे. आक्षेप दोन आले. इतकी वाट पाहायला लावण्याइतकी दुखणी नोंदलेली नाहीत, हा पहिला. आणि बेटांवरच्या डाइव्ह-रिसॉर्टांचा एक दिवस बुडेल, हा दुसरा. दुसरा आक्षेप ऐकून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्याचा परिणाम चांगला झाला. 1992 ते 1999 या काळात ड्यूक विद्यापीठात दाबकोठीत 802 चाचण्या झाल्या, त्यांत 40 जणांना डिकम्प्रेशनचा, म्हणजे दाब उतरल्याने होणाऱ्या बुडबुड्यांचा, त्रास झाला, आणि 2002 मध्ये नवे मार्गदर्शन ठरले: एका विनाथांबा बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर 18 तास, वर येताना थांबे घ्यावे लागलेल्या बुडीनंतर त्याहून बराच जास्त वेळ. गंमत अशी, की क्रूझचा प्रवासी इथे रिसॉर्टवाल्यापेक्षा सुखी असतो. जहाज समुद्रसपाटीवरच चालते, रात्रभर नायट्रोजनला बाहेर पडायला मोकळीक मिळते, आणि शेवटच्या बेटानंतर बहुधा एक दिवस नुसत्या समुद्राचा असतो. जे जहाज बुडीचे तास कापते, तेच विश्रांतीचे तास भरपूर देते.

आता प्रवाळाकडे वळू, कारण तडजोडीची खरी किंमत तिथे मोजली गेली. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनमध्ये मोठ्या जहाजांना धक्का नाही. ती बाहेर नांगरतात आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर येतात. तिथे एका जहाजाने एका दिवसात नांगर आणि साखळीने 3150 चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त केल्याची नोंद 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. कोझुमेलमध्ये उलट, धक्काच वादात सापडला. पारायसो प्रवाळालगत नवा क्रूझ धक्का बांधण्याविरुद्ध 1996 मध्ये मेक्सिकोतल्या संघटनांनी उत्तर अमेरिकी पर्यावरण सहकार्य आयोगाकडे तक्रार नेली. आयोगाने पुढच्या वर्षी तथ्यांची नोंद प्रसिद्ध केली. काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि धक्का झाला. त्याच 1996 मध्ये कोझुमेलच्या प्रवाळांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. बोनेअर बेटाने वेगळी वाट धरली. 1979 मध्ये सागरी उद्यान केले, नांगर टाकण्याऐवजी कायमचे बोये बसवले, 1992 पासून डायव्हरकडून शुल्क घेतले, आणि तिथल्या अभ्यासातून एका ठिकाणी वर्षाला चार ते सहा हजार बुड्या ही सहनशक्तीची मर्यादा निघाली. प्रवाळाच्या बाजूने मागितलेला असा आकडा तोवर क्वचितच कोणाच्या हातात होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की डायव्हर आणि जहाजे ही प्रवाळाची मुख्य संकटे नाहीतच. तापणाऱ्या पाण्याने प्रवाळ पांढरे पडते. 2018 पासून मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कठीण प्रवाळांची ऊती झडवणारा रोग पसरला. ही गोष्ट खरी आहे, आणि नांगर थांबवून समुद्र थंड होणार नाही. पण आजारी प्रवाळावर वाढीव भार टाकायचा की नाही, हा स्थानिक निर्णय उरतोच. ऑक्टोबर 2019 मध्ये कोझुमेलच्या उद्यानाने पालांकार, कोलंबिया आणि एल सिएलो ही ठिकाणे काही काळ बंद केली, तेव्हा हाच विचार होता. आणि 30 एप्रिल 2025 च्या सार्वमतात केमनच्या मतदारांनी क्रूझसाठी धक्का बांधण्याची कल्पना फेटाळली. बंदराचा वेळ आणि रूप अटळ नसते, लोक ते ठरवू शकतात, याचा हा ताजा दाखला आहे.

दुसरा आक्षेप परवडण्याचा. आठवडाभराचे रिसॉर्ट ज्यांच्या आवाक्यात नाही किंवा ज्यांच्या कुटुंबात एकटाच डायव्हर आहे, त्यांना क्रूझनेच हे समुद्र दाखवले. ही बाजू मान्य करायलाच हवी, आणि ती आपल्याकडेही लागू होते. लक्षद्वीपच्या जहाजसहलींत प्रवासी दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर असतो. खाजणाच्या बाहेर थांबलेल्या जहाजातून लहान बोटीत उतरणे लाटांवर अवलंबून असते, म्हणजे इथेही बुडीची वेळ समुद्र आणि जहाज मिळून ठरवतात. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या उथळ बुडीत नायट्रोजनचा प्रश्न फारसा येत नाही; डायव्हिंगचा परवाना घेऊन बेटांवर जाणाऱ्याला तो येतो.

म्हणून या इतिहासातून आखणीचा जो क्रम निघतो, तो पत्रकांतल्या क्रमाच्या उलटा आहे. आधी परतीचे विमान लिहावे आणि तिथून मागे 18 तास, जमल्यास 24, मोजून शेवटची बुडी ठरवावी. मग जहाज सुटण्याच्या वेळेतून, जहाजवेळेनुसार, परतीचा अवकाश वजा करावा. उरलेल्या तासांत एकच बुडी नीट बसत असेल तर एकच घ्यावी, कारण सकाळच्या दोन बुड्या हा सुटीच्या हिशेबाने पाडलेला रिवाज आहे, शरीराची मागणी नाही. आणि बेट निवडताना तिथे नांगर कुठे पडतो, बोये आहेत का, उद्यानाचे शुल्क घेतात का, हे विचारावे. डायव्हरने विमानाबद्दल विचारले म्हणून ड्यूकमध्ये 802 चाचण्या झाल्या. प्रवाळाबद्दल त्याने तितक्याच आग्रहाने विचारले, तर त्या आकड्यांसाठीही पैसे आणि माणसे उभी राहतील.