नदीचे विज्ञान सरकारपर्यंत कसे पोहोचते? साहा, बाबासाहेब आणि दामोदर

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की आपल्याला १९२७ चे चवदार तळे आठवते. ते आठवलेच पाहिजे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना सिंचन आणि वीजही त्यांच्याच अखत्यारीत होती, हे आपल्यापैकी किती जण सांगतात?

जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीने बांध फोडला. रेल्वेमार्ग तुटले. चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. गरीब दुकानदाराचा मुलगा, कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून अपमान सोसलेला. नद्यांचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. उत्तर बंगालच्या पुरात त्यांनी मदतकार्य केले होते आणि नंतर ‘सायन्स अँड कल्चर’ या मासिकातून ते नद्यांवर सातत्याने लिहीत होते.

साहांनी काय केले ते नीट पाहा. पूर का येतो एवढे सांगून ते थांबले नाहीत. १९४४ मध्ये कमलेश राय यांच्यासोबत त्यांनी दामोदर खोऱ्याच्या नियोजनावर लेख लिहिला. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी खोऱ्यात चाललेले काम त्यांच्यासमोर नमुना म्हणून होते: पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज, सगळे एकाच योजनेत. समितीनेही हाच मार्ग सुचवला. मंत्र्याच्या हाती तक्रार नव्हे, निर्णय घेता येईल असा पर्याय आला.

आणि खुर्चीवर वाचणारा माणूस होता. ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार सरकारांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवले. नदी प्रांताची हद्द पाळत नाही, मग योजना तरी हद्दीत कशी अडकवायची? पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

पण इतिहास अर्धा सांगू नये. पुढे मैथन आणि पंचेतची धरणे उभी राहिली, तेव्हा संथाळ आदिवासींसह हजारोंची गावे आणि शेते पाण्याखाली गेली. नदीकाठी राहणाऱ्यांचे ज्ञान आणि त्यांचे म्हणणे त्या निर्णयाच्या खोलीत पोहोचलेच नव्हते. खोलीत जो नसतो, त्याच्याच वाट्याला बुडणे येते.

म्हणून जलविज्ञान, मत्स्यशास्त्र, पर्यावरण शिकणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तुमचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात ठेवू नका. त्याची दोन पाने सोप्या मराठीत लिहा. उपाय, खर्च आणि नुकसान कोणाचे, हे स्पष्ट मांडा. आधी वस्तीत वाचून दाखवा, मग आमदाराकडे न्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला पहिला शब्द पदवीपाशी संपत नाही.

जय भीम!