पाराशा म्हणजे काय? आठवड्याचे तोरावाचन आणि बेने इस्राएलांचे मराठी कीर्तन

तोरा म्हणजे ज्यू धर्मीयांचे मोशेचे पाच ग्रंथ. वाचनासाठी त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. दर आठवड्याच्या ठरलेल्या भागाला ‘पाराशा’ म्हणतात. गरजेनुसार काही आठवड्यांत दोन भाग एकत्र वाचतात आणि वर्षभरात तोरा पूर्ण होते. सिम्हाथ तोरा या सणाला शेवटचा भाग संपताच त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

शिरूर-दौंड भागातल्या गावांत सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत होते. तोराच्या पारायणाला वर्ष लागते आणि ते कधीच थांबत नाही.

वाचन कसे होते?

शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये हाताने लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, ‘सेफेर तोरा’, उघडतात. सात जणांना एकामागून एक वाचनासाठी बोलावले जाते. अक्षरांना बोट लावत नाहीत, वाचताना छोटी दर्शक काठी वापरतात.

त्यातून बोध कसा घेतात?

अनेकदा एकाच शब्दावर थांबून. उदाहरणार्थ, दुसऱ्या भागात नोहाला ‘आपल्या पिढीतला’ सज्जन म्हटले आहे. अकराव्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी यांनी याचे दोन अर्थ नोंदवले. वाईट लोकांत राहूनही तो चांगला राहिला, म्हणून तो थोर. किंवा इतर वाईट होते म्हणून तो चांगला दिसला. मग वाचणाऱ्याने स्वतःला विचारायचे: आपला चांगुलपणा आपला आहे, की शेजाऱ्याशी तुलना केल्यामुळे वाटणारा?

गोष्ट दरवर्षी तीच असते, पण वाचणाऱ्याचे आयुष्य बदललेले असते. भावांनी विकलेल्या योसेफाने पुढे त्यांना क्षमा केली, ही कथा भावाशी अबोला असलेल्याला वेगळी कळते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

बेने इस्राएल हा कोकणात वसलेला मराठी भाषक ज्यू समाज. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे सुक्काथ शेलोमो हे सिनेगॉग आहे.

तोरावाचन हिब्रूत होई, ते सगळ्यांना समजत नसे. ही अडचण मराठी कीर्तनाने सोडवली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अशी कीर्तने सुरू केली. हरिकथेच्या धर्तीवर, पदे आणि निरूपणासह, योसेफ आणि मोशे यांच्या कथा मराठीतून सांगितल्या जाऊ लागल्या.

दहा माणसांचा प्रश्न

परंपरेनुसार सेफेर तोराचे सामुदायिक वाचन करायला तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर लागतात. या दहांच्या मंडळाला ‘मिन्यान’ म्हणतात. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. त्यामुळे कोकणातल्या काही जुन्या सिनेगॉगमध्ये दहा जण जमवणे कठीण झाले. दहा नसतील तर गुंडाळी बाहेर काढून वाचन होत नाही. घरी मात्र छापील पुस्तकातून त्या आठवड्याचा भाग एकट्यालाही वाचता येतो. नव्या जागी गेलेल्या आणि इथेच राहिलेल्या नातेवाइकांना त्यामुळे त्या आठवड्यात बहुधा एकाच कथेवर बोलता येते.