विहारनौका-विमा

विहारनौका-विमा : खाजगी जलविहार, शर्यत किंवा गळाने मासे धरण्याचा छंद यांसाठी बाळगलेली नौका, तिचे इंजिन व साहित्य आणि तिच्यामुळे त्रयस्थाच्या जीवितास अथवा मालमत्तेस पोहोचलेल्या हानीबद्दल मालकावर येणारे दायित्व, या सर्वांची जोखीम ठरावीक हप्त्याच्या मोबदल्यात विमा कंपनीने मुदतीपुरती पत्करण्याचा करार. हा सागरी विम्याचाच एक पोटप्रकार असून भारतात त्याला सागरी विमा अधिनियम, १९६३ लागू होतो. प्रस्तुत नोंदीत मुंबई बंदर व कोकण किनारा येथील मालकाने माफक हप्त्यात भरवशाचे विमापत्र कसे निवडावे, याचा विचार मुख्यत्वेकरून केला आहे.

समुद्रावरील जोखमीचे मोल ठरविण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यमार्गे जाणाऱ्या व्यापाऱ्यास शेकडा दहा, तर समुद्रमार्गे जाणाऱ्यास शेकडा वीस व्याज सांगितले आहे, ते धोक्याच्या प्रमाणातच. आधुनिक सागरी विम्याची घडण मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जमणाऱ्या व्यापाऱ्यांच्या व विमाकर्त्यांच्या व्यवहारांतून झाली. पुढे १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने तिला जे रूप दिले, तेच बहुतांशी आपल्या १९६३ च्या कायद्यात उतरले आहे. मुंबईत विहारनौकांची हौस निदान १८४६ पासून, म्हणजे रॉयल बॉम्बे यॉट क्लबाच्या स्थापनेपासून, चालत आली असली, तरी अशा नौकांच्या विम्याकडे सामान्य मालकाचे लक्ष अद्यापि पुरेसे गेलेले नाही आणि जाते तेव्हाही ते केवळ हप्त्याच्या आकड्यावरच खिळून राहते, ही खेदाची गोष्ट आहे.

हप्ता कमी करण्याचे जे न्याय्य मार्ग आहेत, ते सारे नौकेच्या वापराचे खरे व काटेकोर वर्णन करण्यातून निघतात. जी नौका गेटवे ते मांडवा एवढ्याच टापूत फिरते, तिच्यासाठी संपूर्ण पश्चिम किनाऱ्याची मुभा विकत घेण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे जी पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवली जाते, तिने बारमाही जलसंचाराचा हप्ता भरू नये. लंडनच्या विमाकर्त्यांच्या संस्थेने १९८५ साली सिद्ध केलेला आणि आजही व्यवहारात प्रमाण मानला जाणारा ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’ हा कलमसंच जलसंचाराची हद्द, चालू मोसम आणि नौका बंद ठेवण्याचा काळ या तिन्ही बाबी विमापत्रात नमूद करण्याची अपेक्षा करतो. प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसावयाची रक्कम वाढवून घेतली म्हणजेही हप्ता उतरतो. किरकोळ ओरखड्यांचा खर्च पदरचा करण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला हा मार्ग विशेष सोयीचा होय. नौविम्याचे बांधीव दरपत्रक २००५ साली उठल्यापासून कंपनीगणिक दर भिन्न असू शकतात. तेव्हा एकाच तपशिलाचा अर्ज दोनतीन कंपन्यांकडे धाडून दर मागविणे अगत्याचे आहे.

तथापि बंद मोसमाची तारीख ही केवळ लेखनिकाने भरावयाची बाब नव्हे, हे कोकण किनाऱ्याने अलीकडेच दोनदा दाखवून दिले. ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागनजीक किनाऱ्यावर आले आणि ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले. दोन्ही वेळा नैर्ऋत्य मोसमी पावसास मुंबईत सुरुवात व्हावयाची होती. आता ज्या मालकाने हप्ता वाचविण्यासाठी नौका १ जूनपासून किनाऱ्यावर बंद राहील अशी हमी विमापत्रात दिली, पण ओढून घेण्याची पाळी लागेना म्हणून ती ३ जूनला नांगरावरच राहू दिली, त्याची स्थिती कशी होईल, याचा विचार करावा. आपल्या कायद्यानुसार अशी हमी तंतोतंत पाळली जाणे आवश्यक असते, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. आणि ती मोडताच, करारात अन्यथा तरतूद नसल्यास, त्या क्षणापासून विमा कंपनी दायित्वातून मुक्त होते. इंग्लंडने आपल्या कायद्याची ही धार २०१५ साली बोथट केली. आपल्याकडे ती कायम आहे. म्हणून ओढण्याची व्यवस्था खरोखर ज्या दिवशी होणार, त्यापुढे आठपंधरा दिवसांची सवड ठेवूनच तारीख लिहावी. तेवढ्यासाठी थोडा हप्ता जास्त पडला, तरी तो पैसा सर्वांत सार्थकी लागतो, असे निःसंकोचपणे म्हणता येईल.

काटकसरीचा दुसरा प्रकार म्हणजे नौकेची किंमत कमी लिहिणे, आणि हा सर्वस्वी त्याज्य आहे. ज्या विमापत्रात मूल्य आगाऊ ठरविलेले नसते, त्यात विमित रक्कम प्रत्यक्ष मूल्याहून कमी असल्यास उरलेल्या भागाचा विमेकरी मालक स्वतःच समजला जातो : वीस लाखांच्या नौकेचा विमा बारा लाखांना उतरविला आणि पाच लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई तीन लाखच मिळेल. उभयपक्षी मूल्य ठरवून घेतलेल्या विमापत्रात ते मूल्य, लबाडी नसेल तर, निर्णायक ठरते, आणि जुन्या पण सुस्थितीतील लाकडी नौकेस तेच अधिक हितकारक. मात्र ते मूल्य कमी लिहिले असेल, तर नौका समूळ बुडाल्यावर हाती तेवढेच पडते. वयाने वाढलेल्या नौकेचा विमा उतरविण्यापूर्वी कंपनी बहुधा तपासणी मागते. तपासनीस फायबरच्या तळावर लहान हातोडीने ठोकत जातो, आवाज बद्द येईल तेथे खूण करतो, सुकाणूच्या सांध्यांत ढिलेपणा आहे का ते चाचपतो आणि जस्ताचे ठोकळे कितपत झिजले आहेत ते पाहतो. त्या अहवालातील दोष दुरुस्त करण्याआधी अर्ज रेटणे धोक्याचे, कारण हा करार परम सद्भावाचा आहे व माहीत असलेली कोणतीही महत्त्वाची गोष्ट दडविणाऱ्याचे विमापत्र कंपनीस रद्द करता येते.

कलमे वाचताना काही वगळणुकी विशेष न्याहाळाव्या. झीज, कुजणे व सामान्य वापराचा क्षय भरपाईस पात्र नाही. उपर्युक्त कलमसंचात बाहेर जोडलेले इंजिन पाण्यात गळून पडल्यास दावा चालत नाही. चोरीला गेल्यास चालतो, पण नेहमीच्या पकडीखेरीज निराळ्या कुलपाने ते नौकेस जखडलेले असेल तरच. चढवलेले शीड वाऱ्याने फाटले तर त्याची भरपाई सामान्यतः नाही, आणि शर्यतीत शीड किंवा डोलकाठी गमावल्यास वेगळा करार केलेला असावा लागतो. जलद नौकांना अधिक कडक कलमे लागतात : अशी नौका उघड्या किनाऱ्यासमोर राखणीविना नांगरून ठेवली असता बुडाली वा सुटून वाहत गेली, तर दावा नामंजूर होतो. सुटीच्या दिवशी मित्रमंडळींकडून भाडे घेऊन फेऱ्या मारणाऱ्याने ती गोष्ट आधी कळवून मान्य करून घेतली पाहिजे; कारण खाजगी विहाराचे विमापत्र भाड्याच्या व्यवहारास लागू होत नाही.

त्रयस्थाविषयीचे दायित्व मात्र कधीही कापू नये. नौका बुडाली तर नुकसान तिच्या किमतीपुरते मर्यादित राहते, परंतु पोहणाऱ्यास पंख्याचे पाते लागले किंवा दुसरी नौका फोडली गेली, तर देणे किती होईल यास सीमा नाही. शिवाय बंदरातील मार्गात बुडालेले धूड बाजूस काढण्याचा खर्च बंदर-अधिकारी मालकाकडून वसूल करू शकतात. नद्या, खाड्या व जलाशय यांतील यंत्रचलित नौकांना तर अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ अन्वये विमा आवश्यकच आहे. ऐपत बेताची असेल, तर शीड-डोलकाठीची जोखीम अंगावर घ्यावी, पण हे दायित्व व धूड काढण्याचा खर्च विमापत्रात ठेवावा.

विमा अधिनियम, १९३८ नुसार हप्ता आगाऊ पोहोचल्याविना जोखीम सुरू होत नाही, म्हणून पावती हाती येईपर्यंत नौका पाण्यात ढकलू नये. अपघातानंतर नुकसान वाढू नये यासाठी वाजवी उपाय योजणे हे मालकाचे कर्तव्यच आहे व त्याचा योग्य खर्च विमापत्रातील शर्तींप्रमाणे परत मिळतो : बुडालेले इंजिन वर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन त्यात तेल सोडावे, छायाचित्रे घ्यावीत आणि परवानाधारक विमा-सर्वेक्षकाने पाहीपर्यंत मोडके भाग टाकून देऊ नयेत.