नोंदवहींतील मौन

जुन्या घराण्याची वंशावळ उलगडली, म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षांत येते. पुत्र, पौत्र, प्रपौत्र यांचीं नांवें ओळीनें मांडलेलीं असतात. मुलींचीं नांवें बहुधा आढळत नाहींत. तेवढ्यावरून त्या घरांत चार पिढ्या मुलगी जन्मलीच नाहीं, असा निष्कर्ष कोणी शहाणा मनुष्य काढीत नाहीं. उलट, शिधावाटपाच्या दुकानांत ज्याचें नांव शिधापत्रिकेवर नाहीं, त्याच्या वाट्याचें धान्य मिळत नाहीं. तेथें नोंद नाहीं म्हणजे माणूसच नाहीं. कागद दोन्हीकडे कागदच. परंतु एकाच्या मौनाचा अर्थ 'ठाऊक नाहीं' असा, आणि दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ नुसता 'नाहीं' असा. संगणकशास्त्राच्या दोन शाखांना एकत्र आणण्याचा इतिहास या एका भेदाभोंवतीं फिरत आला आहे.

यांपैकीं पहिली शाखा आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, रचणाऱ्यांची. १९६७ सालीं नॉर्वेची राजधानी ओस्लो येथें ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनीं सिम्युला ६७ ही भाषा पुढें आणली आणि तींत 'वर्ग' व 'उपवर्ग' या कल्पनांना स्थान दिलें. 'खातें' हा वर्ग आणि 'बचत खातें' हा त्याचा उपवर्ग, अशी मांडणी यंत्राला सांगतां येऊं लागली. १९७६ सालीं पीटर चेन यांनीं वस्तु आणि त्यांचे परस्परसंबंध चित्रानें दाखविण्याची रीति मांडली. पुढें ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोबसन यांच्या निरनिराळ्या रीति एकत्र होऊन यूएमएल ही चित्रभाषा तयार झाली, आणि १९९७ सालीं ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनें ती प्रमाण म्हणून स्वीकारली. याच संस्थेनें २००१ सालीं एक धाडसी विचार पुढें ठेवला: आराखडा केवळ गवंड्याच्या सोईसाठीं न ठेवतां तोच मूळ दस्तऐवज मानावा, आणि त्यावरून आज्ञावली शक्य तितकी यंत्राकडूनच लिहून घ्यावी. यंत्रें बदलतात, भाषा जुन्या होतात. पण व्यवहाराचा आराखडा कायम राहिला, तर प्रत्येक वेळीं घर पुन्हां पायापासून बांधावें लागणार नाहीं, ही त्यामागील आशा होती.

दुसरी शाखा ज्ञानाची मांडणी करणाऱ्यांची. मनुष्याला जें ठाऊक असतें तें यंत्राला कोणत्या रूपांत सांगावें, हा तिचा प्रश्न. १९७४ सालीं अमेरिकेंतील मार्व्हिन मिन्स्की यांनीं ज्ञान चौकटींच्या रूपानें साठविण्याची कल्पना मांडली. चौकटी सोईच्या होत्या खऱ्या, पण त्यांचा नेमका अर्थ सैल होता. रोनाल्ड ब्रॅकमन यांनीं १९७७ च्या आपल्या प्रबंधापासून त्या अर्थाला शिस्त लावण्याचा उद्योग आरंभिला. १९८४ सालीं हेक्टर लेव्हेक यांच्यासह त्यांनीं दाखवून दिलें, कीं अशा भाषेचें सामर्थ्य थोडें जरी वाढविलें, तरी यंत्राला अनुमान करणें अतोनात जड होऊं शकतें. हें भान ठेवूनच पुढील भाषा बेतल्या गेल्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं मे २००१ मध्यें जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांच्यासह 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत 'सिमँटिक वेब'चें चित्र रेखाटलें: पानांवरील मजकुराचा अर्थ यंत्रांनाहि कळावा, असें जाळें. त्यासाठीं विधानें लिहिण्याची आरडीएफ ही रीति १९९९ मध्येंच प्रमाण झाली होती. संकल्पनांच्या व्याख्या करणारी आउल ही भाषा फेब्रुवारी २००४ मध्यें प्रमाण झाली. अशा व्याख्यांच्या सुसंगत संग्रहाला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात.

दोन्हीकडे वर्ग, दोन्हीकडे उपवर्ग, दोन्हीकडे संबंध. तेव्हां हीं दोन कुळें जोडावीं असें वाटणें स्वाभाविक होतें, आणि त्यांत लाभहि मोठा होता. आराखडा काढणाऱ्याला आपल्याच दोन कल्पना परस्परविरुद्ध आहेत हें पुष्कळदां उमगत नाहीं. आउलमध्यें लिहिलेल्या व्याख्या तपासून यंत्र तो विरोध दाखवूं शकतें. एका कचेरीचा 'ग्राहक' आणि दुसरीचा 'खातेदार' हे एकच, हें नुसत्या चित्रावरून कळत नाहीं. तर्कबद्ध व्याख्येवरून तें ठरवितां येतें. उलट, ऑन्टॉलॉजी लिहिणाऱ्यांजवळ व्याख्या होत्या. त्यांवरून चालती आज्ञावली घडविण्याची कारागिरी मात्र दुसऱ्या घरीं होती.

पण बाह्य साम्य फसवें होतें. रेमंड रायटर यांनीं १९७८ सालींच दोन वृत्तींतील भेद स्पष्ट केला होता. ज्याची नोंद नाहीं तें खोटें मानणें, ही बंदिस्त जगाची वृत्ति. ज्याची नोंद नाहीं तें केवळ अज्ञात मानणें, ही खुल्या जगाची. आज्ञावली रचणाऱ्यांचें जग बहुधा पहिलें, आउलचें दुसरें. श्रोत्यांनीं पुन्हां वंशावळ डोळ्यांपुढें आणावी. 'प्रत्येकाला एकच जन्मदात्री आई असते' असा नियम आहे, आणि गोविंदाच्या आईची नोंदच नाहीं. आज्ञावली ती नोंद अपुरी म्हणून परत करील. आउल कुरकुर करणार नाहीं, कारण आई आहेच, फक्त तिचें नांव ठाऊक नाहीं. आतां समजा, एका कागदावर गोविंदाची आई 'राधा' आणि दुसऱ्यावर 'लक्ष्मी' अशी आढळली. आज्ञावली म्हणेल, आई दोन कशा? ही चूक आहे. आउल म्हणेल, दोन्ही नांवें एकाच बाईचीं असलीं पाहिजेत. माहेरचें नांव एक व सासरचें दुसरें, अशा बायका ज्या घरांत वावरल्या, त्या घराला आउलचें म्हणणें मुळींच विचित्र वाटणार नाहीं. तथापि राधा व लक्ष्मी खरोखरच निराळ्या असतील आणि एक नोंद चुकीची असेल, तर हेंच अनुमान दोन आयुष्यें एकत्र कालवून टाकील. त्या निराळ्या आहेत असें कोणी स्पष्ट लिहिलें नसेल, तर यंत्राला तें कळावें कसें?

म्हणून हा मिलाफ सावध तहासारखा टप्प्याटप्प्यानें झाला. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनें २००३ सालीं प्रस्ताव मागविले आणि २००९ सालीं 'ऑन्टॉलॉजी डेफिनिशन मेटामॉडेल' हें प्रमाण प्रसिद्ध केलें. त्यानें आरडीएफ आणि आउल यांचे घटक यूएमएलच्या चित्रांत मांडण्याची सोय केली. त्याचबरोबर दोन्ही भाषांची तुलनाहि केली. यूएमएलमध्यें गुणधर्म बहुधा वर्गाच्या आश्रयानें राहतो. आउलमध्यें तो स्वतंत्र असतो. चित्र सारखें काढल्यानें असे भेद मिटत नाहींत. पुढें जुलै २०१७ मध्यें वेबचीं प्रमाणें ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनें शॅकल ही भाषा प्रमाण केली. तिच्या साह्यानें आरडीएफमधील नोंदींना 'येथें आईचें नांव असलेंच पाहिजे' अशी अट घालतां येते, आणि तें नसल्यास उणीव दाखविली जाते. अनुमानासाठीं आउल व तपासणीसाठीं शॅकल, अशी कामाची वांटणी करणें त्यामुळें शक्य झालें.

ही वांटणी पंडितांच्या वादापुरती नाहीं. रुग्णाच्या कागदावर 'पेनिसिलिन सोसत नाहीं' असें लिहिलेलें नाहीं, एवढ्यावरून तें त्याला सोसतें असें आज्ञावलीनें मानलें, तर मौनाचा अर्थ लावतांना झालेली चूक रुग्णाच्या प्राणावर बेतेल. उलट, प्रत्येक मौन अज्ञात म्हणून सोडून दिलें, तर हिशेबनिसाला महिनाअखेरीस एकहि वही मिटतां येणार नाहीं. कोणतें मौन कोणत्या जातीचें, हें आराखडा काढणाऱ्यानेंच लिहून ठेवावयास हवें. यंत्र तें आपण होऊन ओळखीत नाहीं. वंशावळींत मुलींचीं नांवें नव्हतीं, पण घरांत मुली होत्या. आणि हें सांगणारी आजी हयात होती तोंवर त्या कागदाचा खोटा अर्थ कोणी केला नाहीं. आजी गेल्यावर कागद एकटा उरतो. आराखडा आणि ज्ञान यांची सांगड घालण्याचा हा सारा खटाटोप, आजीचें तें एक वाक्य कागदावर आणण्यासाठींच आहे.