बांधणी, घरगुती (खाद्यरंगांची)

कापडाला दोऱ्याने गाठी मारून ते रंगात बुडवले, की गाठीखालचा भाग कोरा राहतो आणि दोरा सोडल्यावर नक्षी उमटते. या रंगकामास बांधणी म्हणतात. डबीतला ‘खायचा रंग’, हळद किंवा करडईच्या पाकळ्या वापरून घरच्या घरी केलेली बांधणी हा तिचा सोपा प्रकार. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या पट्ट्यात कापूस, हळद आणि करडई ही तिन्ही पिके होत असल्याने येथील घरांना या कामाचे साहित्य परके नाही.

इतिहास : अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांत ठिपक्यांची वस्त्रे दिसतात, ती बांधणीची असावीत, असे अभ्यासक मानतात. पुढे कच्छ, जामनगर आणि राजस्थान ही या कलेची मुख्य केंद्रे झाली. मराठवाड्याची ख्याती पैठणी व हिमरू या विणकामांची. मात्र फुलांपासून रंग काढण्याची रीत इथेही जुनी आहे. किनवट-माहूरच्या रानातला पळस फाल्गुनात फुलतो आणि त्याची फुले उकळून काढलेले केशरी पाणी रंगपंचमीला वापरले जाते.

रंग का बसतो : भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू हे त्यांपैकी काही. हे बहुतेक आम्लधर्मी रंग असून त्यांचे कण ऋणभारित असतात. लोकर व रेशीम हे प्रथिनांचे तंतू. आम्ल पाण्यात त्यांच्यावर धनभार येतो आणि रंग त्यांना घट्ट धरतो. सुती कापड सेल्युलोजचे असते. त्यात रंगाला धरून ठेवणारी अशी जागा नसते, म्हणून सुती सदऱ्यावरचा खायचा रंग एक-दोन धुण्यांत जवळजवळ निघून जातो. पॉलिएस्टरवर तो मुळीच बसत नाही. व्हिनेगर किंवा मीठ घातल्याने सुतावर हा रंग पक्का होतो, हा समज चुकीचा आहे.

लोकर व रेशीम : कापड धुऊन त्यातली खळ काढावी. एक भाग व्हिनेगर व चार भाग पाणी यांत अर्धा तास भिजवून पिळावे आणि सुती दोऱ्याने गाठी आवळाव्यात. कोमट पाण्यात रंग व थोडे व्हिनेगर घालून कापड सोडावे, हळूहळू तापवावे आणि खळखळून उकळू न देता वीस ते तीस मिनिटे ठेवावे. प्रमाण जमले असेल तर पातेल्यातले पाणी जवळजवळ नितळ होते; सगळा रंग तंतूंनी ओढून घेतलेला असतो. कापड त्याच पाण्यात निवू द्यावे, धुवावे आणि मग गाठी सोडाव्यात.

सुती कापड : येथे हळद उपयोगी पडते, कारण तिचा रंग सुतावर थेट बसतो. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आधी भिजवून घेतल्यास तो थोडा अधिक टिकतो. हळदीच्या कापडाला साबण लागताच पिवळा रंग लालसर तपकिरी होतो. लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवले की पुन्हा पिवळा होतो. उन्हात मात्र हा रंग विटतो, म्हणून कपडे सावलीत वाळवावेत.

गुलाबी छटेसाठी करडई घ्यावी. फुले पिवळी उमलतात व सुकताना नारिंगी-लाल होतात. पाकळ्या तेव्हा वेचल्या तर दाण्याचे नुकसान होत नाही. पाकळ्या गार पाण्यात चोळून पिवळा रंग आधी काढून टाकतात. मग त्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवल्या की लाल रंग उतरतो. त्या पाण्यात लिंबाचा रस घालून गाठी मारलेले कापड गारच बुडवतात. तापवल्यास रंग बिघडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने करडईचे ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले आहेत; वाण काटेरी असेल तर पाकळ्या वेचताना हातमोजे हवेत.

दक्षता : खायचा रंग परवाना क्रमांक असलेल्या बंद डबीतलाच घ्यावा, सुट्या रंगात मेटॅनिल यलोसारखी बंदी असलेली द्रव्ये असू शकतात. सुतावर वर्षानुवर्षे टिकणारी नक्षी हवी असेल तर १९५६ मध्ये बाजारात आलेल्या ‘प्रोसियन’ जातीचे रंग धुण्याच्या सोड्यासह वापरावे लागतात. ते खाण्याचे नाहीत, त्यांची भांडी कायम वेगळी ठेवावीत.

मूल्यमापन : शाळेत किंवा सुट्टीत मुलांकडून हे काम अवश्य करून घ्यावे, आम्ल, अल्क आणि तंतू यांचा धडा त्यांना हाताने शिकता येतो. खायचा रंग लोकर-रेशमासाठी ठेवावा आणि सुतासाठी हळद-करडई घ्यावी. लातूर भागात सोयाबीनपुढे करडईचा पेरा घटला आहे. पाकळ्यांना घरोघरी मागणी आली, तर शेतकऱ्याला तेलबियांच्या जोडीला आणखी एक उत्पन्न मिळू शकेल.