शिकारीनंतरचे मांस : कायदा आणि नीतीचा पेच

वन्य प्राण्याची शिकार हा भारतात गुन्हा आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र सरकारच्याच परवानगीने मारलेल्या प्राण्याच्या मांसाचे काय करावे, हा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. केरळमध्ये तो गेली काही वर्षे वारंवार विचारला जात आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ नुसार परवानगीने मारलेला, मृतावस्थेत सापडलेला अथवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी राज्य सरकारच्या मालकीचा ठरतो. त्याचे मांसही सरकारचेच. स्वसंरक्षणार्थ प्राण्यास मारणाऱ्या व्यक्तीलाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

मे २०२२ मध्ये केरळ सरकारने पिकांची नासधूस करणारी रानडुकरे मारण्यास परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. बंदुकीचा परवाना असलेली व्यक्ती डुक्कर मारते. विष, स्फोटके वा विजेचा प्रवाह वापरता येत नाही. मृत डुक्कर खड्ड्यात पुरले जाते. कोणी ते पुन्हा उकरून नेऊ नये म्हणून अनेकदा त्यावर रॉकेलही ओतले जाते.

ज्याची केळी आणि टॅपिओका एका रात्रीत उद्ध्वस्त झाली, त्या शेतकऱ्याला हे पटत नाही. प्राणी मारणे अटळच असेल, तर त्याचे मांस मातीत घालणे हा त्या जिवाचा दुहेरी अवमान होय, असा त्याचा युक्तिवाद आहे आणि तो सहज खोडून काढता येण्याजोगा नाही.

वन्यजीव संरक्षकांचा आक्षेप वेगळा आहे. मांसाला किंमत आली की पिकाचे रक्षण हे निमित्त उरते आणि नुकसान न करणारे डुक्करही बंदुकीच्या टप्प्यात येते. ही भीती काल्पनिक नव्हे. मे २०२० मध्ये पलक्कड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ खाल्ल्याने एका गर्भवती हत्तिणीचा मृत्यू झाला. असे सापळे रानडुकरांसाठी लावले जात. शिवाय तपासणी न झालेल्या मांसातून परोपजीवी कृमींचा संसर्ग होऊ शकतो. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग माणसास होत नाही, पण मांसाच्या अवशेषांतून तो पाळीव डुकरांपर्यंत पोहोचतो. भारतात त्याचा शिरकाव २०२० मध्ये झाला.

कलम ३९ मध्ये एक अपवाद आहे. कलम ६२ खाली केंद्र सरकारने ‘उपद्रवी’ घोषित केलेल्या प्राण्यास सरकारी मालकीचा नियम लागू होत नाही. रानडुकरास उपद्रवी ठरवावे, ही केरळची मागणी केंद्राने अनेकदा नाकारली आहे. त्या मागणीत पिकांइतकाच मांसाचाही प्रश्न दडलेला आहे, हे उघडपणे क्वचितच बोलले जाते.

बिहारमध्ये चित्र निराळे होते. तेथे डिसेंबर २०१५ मध्ये नीलगाय एका वर्षासाठी उपद्रवी घोषित झाली आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. नीलगाय हे वस्तुतः हरणासारखे कुरंग. परंतु नावातील ‘गाय’ या शब्दामुळे अनेक शेतकरी तिला मारण्यासही धजावत नाहीत, मग मांस खाणे दूरच.