परकी फौज आणि यजमान प्रजा : धाराशिवचा अनुभव

दोन राज्यांचे संबंध तहनाम्यांनीं ठरतात, असें राजकारणाचे अभ्यासक सांगतात. परंतु ज्या गांवाच्या शिवेवर परमुलखांतील पलटणीचा तळ पडतो, त्या गांवच्या लोकांनीं तो तहनामा वाचलेला नसतो. दूरच्या राज्याची त्यांना ओळख होते ती विहिरीवर आलेल्या, बाजारांत भाव करणाऱ्या आणि रात्रीं रस्त्यानें फिरणाऱ्या शिपायावरून. शिपाई नीट वागला तर राज्य बरें. त्यानें कोणाचें दुकान लुटलें, कोणाचा जीव घेतला, कोणा स्त्रीच्या अब्रूला हात घातला, तर तें राज्यच वाईट. गुन्हा एका माणसाचा असतो. पण त्याचा डाग प्रथम गणवेशाला लागतो आणि मग निशाणाला लागतो. या नियमाचा पडताळा पाहण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. बालाघाटाच्या माथ्यावरील धाराशिव जिल्ह्याचा इतिहास त्यासाठीं पुरेसा आहे.

हा मुलूख पूर्वीपासून फौजांच्या वाटेवरचा. नळदुर्ग आणि परांडा हे दोन बळकट किल्ले त्याचीच साक्ष देतात. 1659 मध्यें अफजलखान विजापुराहून निघाला तेव्हां त्यानें तुळजापुरास भवानीची मूर्ति फोडली, असें सभासदाच्या बखरींत सांगितलें आहे. या घटनेच्या तपशिलाविषयीं इतिहासकारांत वाद आहे. पण आदिलशाही दरबाराचा त्या मोहिमेंतील राजकीय हेतु काय होता हें आज फार थोड्यांना ठाऊक आहे; तुळजापूरची गोष्ट मात्र घरोघर माहीत आहे. फौजेच्या वर्तनाची आठवण राजकारणाच्या आठवणीहून किती दीर्घायुषी असते, तें यावरून दिसतें.

एकोणिसाव्या शतकांत या जिल्ह्याचा फौजेशीं जो संबंध आला तो निराळ्या प्रकारचा होता. निजामानें 1798 आणि 1800 मध्यें इंग्रजांशीं तह करून तैनाती फौज पदरीं घेतली आणि तिच्या खर्चासाठीं बेल्लारी, कडप्पा इत्यादि प्रांत तोडून दिले. एवढ्यानें भागलें नाहीं. हेन्री रसेल हा रेसिडेंट असतांना निजामाच्याच नांवानें, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं आणखी एक सैन्य उभें राहिलें. पुढें त्यास हैदराबाद कंटिंजंट असें नांव पडलें. बोलारम, जालना, हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद म्हणजे आंबेजोगाई अशा ठिकाणीं त्याच्या छावण्या होत्या. पगार निजामानें द्यावा आणि हुकूम रेसिडेंटानें सोडावा, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. पगार थकत गेला, सावकारांचें व कंपनी सरकारचें देणें वाढत गेलें, आणि 40 लाखांहून अधिक रकमेचा बोजा दाखवून लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें 21 मे 1853 रोजीं नवा तह करून घेतला. त्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख या फौजेच्या खर्चापोटीं इंग्रजांच्या ताब्यांत गेला. ठगांवरील कादंबरीमुळें प्रसिद्धीस आलेला मेडोज टेलर नळदुर्गचा कारभारी म्हणून आला तो याच वेळीं.

1857 च्या उठावांत निजामाचें दरबार इंग्रजांच्या पाठीशीं राहिलें. त्याचें फळ म्हणून 1860 मध्यें धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळालें नाहीं. पहिल्या सालारजंगानें त्यासाठीं हयातभर खटपट केली. 1902 मध्यें तें कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें, आणि सातव्या निजामानें तो प्रश्न पुन्हा उकरून काढला तेव्हां 1926 मध्यें लॉर्ड रीडिंगनें त्यास कडक शब्दांत सार्वभौम सत्तेची जाणीव करून दिली. एका फौजेच्या पगारांतून निघालेला हा तंटा 70 वर्षांहून अधिक काळ दोन दरबारांमध्यें सलत राहिला.

या व्यवस्थेंतील खरें दुखणें पैशाच्या पलीकडचें होतें. सिकंदराबादच्या छावणींत निजामाचा कायदा चालत नसे. गोऱ्या शिपायावर यजमान राज्याच्या न्यायाधीशाचा अधिकार नव्हता. त्याचा न्याय त्याचेच वरिष्ठ करीत. न्याय कदाचित् होतही असेल. परंतु तो यजमान प्रजेच्या डोळ्यांसमोर होत नसे. जो न्याय दिसत नाहीं त्यावर दुखावलेल्या माणसाचा विश्वास बसत नाहीं.

म्हणूनच इंग्रजी सत्ता गेल्यावर 29 नोव्हेंबर 1947 रोजीं हैदराबाद आणि भारत सरकार यांच्यांत जैसे थे करार झाला, तेव्हां फौजेचा प्रश्न त्यांत स्पष्ट शब्दांनीं घालण्यांत आला. युद्धकाळाखेरीज आणि निजामाच्या संमतीखेरीज भारतानें हैदराबादच्या मुलखांत सैन्य ठेवूं नये, असें त्यांत ठरलें. दीडशें वर्षांच्या परक्या छावण्यांची आठवण त्या कलमामागें होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण परक्या फौजेची धास्ती घेणाऱ्या त्याच दरबारानें घरच्या एका सशस्त्र संघटनेला मोकळें रान दिलें. कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतच मोडत असे. तो वेगळा जिल्हा झाला 1982 मध्यें. रझवीच्या रझाकारांनीं या भागांत लुटालूट, जाळपोळ आणि खून यांचें सत्र मांडलें. हजारों कुटुंबें घरदार सोडून बार्शी आणि सोलापूरकडे आश्रयास गेलीं. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या तरुणांचीं केंद्रें उभीं राहिलीं, आणि तेथून प्रतिकार सुरू झाला. रझाकार हे नियमित सैन्य नव्हते. परंतु सरकारनें त्यांना आवरलें नाहीं, म्हणून त्यांच्या प्रत्येक गुन्ह्याचा जाब लोकांनीं निजामाच्याच गादीला विचारला.

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून या जिल्ह्यांत शिरलें. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल त्यानें शाबूत हस्तगत केला, किल्ला घेतला, आणि त्याच दिवशीं त्याचे रणगाडे जळकोटावरून उमरग्यापर्यंत जाऊन पोहोंचले. तुळजापुरासही त्याच दिवशीं चकमक झाली. 17 तारखेस निजामानें युद्ध थांबविलें, आणि 18 तारखेस जनरल एल एद्रूस यानें मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढें शरणागति पत्करली. भारत सरकारनें या मोहिमेस पोलिस कारवाई म्हटलें. हैदराबादनें तिला आक्रमण म्हणून राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें नेलें. तें सैन्य परकें कीं आपलें, हा वाद कायदेपंडितांचा. रझाकारांच्या भीतीनें परागंदा झालेल्या माणसास तें आपलें वाटलें, आणि तें स्वाभाविक होतें. त्याचें स्वागत गांवोगांव झालें.

परंतु त्या दिवसांची हकीकत एवढ्यावर संपत नाहीं. निजामी अंमल कोसळला आणि नवा अंमल बसायचा होता, त्या संधींत सूडाची लाट उसळली. ती रझाकारांवर कोसळली, आणि ज्यांचा रझाकारांशीं कांहींही संबंध नव्हता अशा मुसलमान विणकरांवर, दुकानदारांवर व शेतकऱ्यांवरही कोसळली. वृत्तें दिल्लीस पोहोंचूं लागलीं तेव्हां पंडित नेहरूंच्या पुढाकारानें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचें एक सद्भावना मंडळ हैदराबादेस गेलें. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळांत त्यानें 16 पैकीं 9 जिल्हे पाहिले आणि शेंकडों माणसांच्या जबान्या ऐकल्या.

मंडळाचा अंदाज असा कीं, संस्थानांत कारवाईच्या वेळीं व नंतर 27 ते 40 हजार माणसें मारलीं गेलीं. त्यांपैकीं निदान 18 हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतलीं होतीं. लातुरांत 20 दिवसांहून अधिक काळ हत्या चालूं होती. तेथील सुमारें 10 हजार मुसलमानांपैकीं जेमतेम 3 हजार मंडळाच्या दृष्टीस पडले. एक हजारांवर मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. या आकड्यांविषयीं पुढें मतभेद झाले, आणि ते अंदाजच आहेत हें विसरतां कामा नये. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें अहवालांतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कांहीं ठिकाणीं भारतीय सैन्यांतील व पोलिसांतील माणसांनीं लुटींत आणि त्याहून गंभीर अशा गुन्ह्यांत भाग घेतला, क्वचित् जमावाला लुटीस प्रवृत्त केलें, आणि कांहीं गांवीं पुरुषांना बाहेर काढून ठार केलें, याचा निःसंशय पुरावा मिळाल्याचें मंडळानें नमूद केलें.

त्याच मंडळानें जनरल चौधरी यांच्या निःपक्षपाती वृत्तीची आणि शिस्तीची प्रशंसा केली आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरांत लपवून, प्रसंगीं स्वतःचा जीव धोक्यांत घालून वांचविणाऱ्या हिंदूंचे दाखलेही त्यानें दिले आहेत. एकाच धंद्यांतल्या विणकरांनीं एकमेकांना सांभाळल्याचें त्यांत आवर्जून सांगितलें आहे. म्हणजे सेनापति सज्जन होता, सरकारचें धोरण कत्तलीचें नव्हतें, आणि तरीही गुन्हे घडले. असें कां व्हावें? सेनापतीचा हुकूम मुख्य रस्त्यानें जातो. गुन्हा घडतो आडगांवीं, जेथें एखाद्या लहान अंमलदाराखेरीज दुसरा साक्षी नसतो. फाळणीच्या रक्तपातास तेव्हां पुरें दीड वर्षही झालें नव्हतें, आणि देशभर मनें भडकलेलीं होतीं. त्यांत जुनी पोलिस यंत्रणा मोडलेली आणि नवी उभी राहिलेली नव्हती. अशा वेळीं शिपाई हाच एकटा कायदा असतो, आणि त्यानें डोळेझांक केली तरी जमाव तिला परवानगी समजतो.

याचा परिणाम काय झाला? सुंदरलाल मंडळाचा अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. अनेक दशकें तो दप्तरांत पडून राहिला. त्यामुळें त्यावर उघड चर्चा झाली नाहीं. आणि चर्चेच्या जागीं एका घरांत कुजबूज राहिली, तर दुसऱ्या घरांत नकार राहिला. 17 सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यांत मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि तो यथार्थच आहे. ज्यांनीं रझाकारांचा जाच सोसला आणि जे त्याविरुद्ध लढतांना पडले, त्यांचें तें ऋण आहे. परंतु त्याच गांवांत त्याच तारखेस ज्यांना वडिलांचा किंवा भावाचा मृत्यु आठवतो अशींही घरें आहेत. मुक्तीनें अपराध पुसला जात नाहीं, आणि अपराधानें मुक्ति खोटी ठरत नाहीं. दोन्ही सत्यें एकत्र बोलण्याचें धैर्य न दाखविल्यामुळें नव्या राज्याचा आणि त्याच्या एका प्रजावर्गाचा संबंध आरंभापासूनच अविश्वासाचा झाला. 1853 चें देणें 1860 मध्यें फिटलें; 1948 चें देणें पैशाचें नव्हतें, म्हणून तें तसें फिटलें नाहीं.

जगांत इतरत्रही हाच अनुभव आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकन फौजेचे तळ आहेत. सप्टेंबर 1995 मध्यें तीन अमेरिकन सैनिकांनीं 12 वर्षांच्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार केला. 1960 च्या करारान्वयें आरोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपी अमेरिकनांच्याच ताब्यांत राहत. या गोष्टीनें लोक अधिकच संतापले, आणि ऑक्टोबरांत सुमारें 85 हजार माणसें निषेधास जमलीं. अखेर खून व बलात्कार अशा गुन्ह्यांत आरोपपत्रापूर्वींच आरोपी स्वाधीन करण्याच्या मागणीचा सहानुभूतीनें विचार करण्याचें अमेरिकेनें मान्य केलें. जपानी न्यायालयानें 1996 मध्यें तिघांना शिक्षा दिली. तळांविषयींची नाराजी त्यानें संपली नाहीं. पण दोन राष्ट्रांची मैत्री तुटली नाहीं, याचें एक कारण असें कीं, गुन्हा नाकारला गेला नाहीं आणि न्याय यजमानांच्या न्यायालयांत, त्यांच्या डोळ्यांसमोर झाला.

महाराष्ट्राला हा धडा परक्यांकडून घेण्याचें कारण नव्हतें. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजीमहाराजांनीं एक पत्र धाडलें होतें. दाणावैरण बेतानें वापरा, जें लागेल तें बाजारांतून विकत घ्या, कुणब्याच्या घरचें कांहीं ओरबाडूं नका. नाहींतर लोक म्हणतील कीं यांच्यापेक्षां मोंगल बरे, असा त्याचा आशय आहे. तें सैन्य परकें नव्हतें आणि मुलूखही परका नव्हता. तरीही फौजेच्या वर्तनानें स्वकीयसुद्धां परके होतात, हें त्या राजानें अचूक ओळखलें होतें.

शिस्तीच्या सैन्यांतही गुन्हेगार निपजतो. तेवढ्यानें कोणतेंही राज्य कायमचें कलंकित होत नाहीं. कलंक लागतो तो गुन्हा झांकल्यानें. उस्मानाबादचें नांव 2023 मध्यें अधिकृतपणें पुन्हा धाराशिव झालें. नांव एका आदेशानें बदलतां येतें; परंतु शेजाऱ्यांमधील विश्वास आदेशानें येत नाहीं. घडलेलें मोकळेपणानें सांगितलें जातें आणि दोन्ही बाजूंचें दुःख एकाच मापानें मोजलें जातें, तेथेंच तो हळूहळू परत येतो.